विधेयकावर नजर कोणाची?

(महाड-पोलादपूर भागातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विधिमंडळाचे अधिवेशन संपले की वर्तमानपत्रांत त्याचा ताळेबंद येतो. इतकी विधेयके मंजूर झाली, इतकी राहिली, इतके तास कामकाज चालले, इतके तास वाया गेले. त्यात शेतकऱ्यांसंबंधीचे एखादे विधेयक असले तर आपण त्यावर समाधान किंवा संताप व्यक्त करतो. आणि तोही बहुधा त्याच्या नावावरून. नावात ‘संरक्षण’ किंवा ‘सक्षमीकरण’ हा शब्द असला की सत्ताधारी सभा घेतात, विरोधक निषेध करतात आणि विषय संपतो. आज मला जे सांगायचे आहे ते इतकेच की, शेतीविषयक कायद्याचे भवितव्य त्याच्या नावात ठरत नाही, उद्देश व कारणांच्या निवेदनातही ठरत नाही. ते तीन ठिकाणी ठरते: व्याख्येच्या कलमात, तारखेच्या कलमात आणि अंमलबजावणीच्या कलमात. ही तिन्ही कलमे ज्या दिवसांत घडवली जातात, नेमक्या त्या दिवसांत डोंगराळ तालुक्यातल्या शेतकऱ्याची त्यांच्यावर नजर नसते.

विधेयक सभागृहात मांडले जाते, त्याचे पहिले वाचन होते, मग वाटल्यास ते समितीकडे जाते, नंतर त्याचा खंडशः विचार होतो, तिसरे वाचन होते, दुसऱ्या सभागृहात हाच क्रम पुन्हा होतो आणि राज्यपालांच्या संमतीनंतर ते राजपत्रात येते. यांपैकी लोकांच्या उपयोगाच्या पायऱ्या दोनच: समिती आणि खंडशः विचार. एक शब्द घालण्याची वा काढण्याची संधी तेथेच असते. गोंधळात जी विधेयके काही मिनिटांत संमत होतात, ती याच दोन पायऱ्या गाळून पुढे जातात.

सभागृहातला ठराव आणि गावातली वस्तुस्थिती यांत किती अंतर असते, हे महाडकरांना कोणी शिकवावे असे नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून ठरावही केला. तरी चवदार तळ्याचे पाणी हाती घेण्यासाठी २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला, आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल यायला १९३७ साल. ठरावात अधिकार होता. तो बजावून देण्याची जबाबदारी मात्र कोणावरही टाकलेली नव्हती.

डॉ. आंबेडकर त्याच १९२७ साली कौन्सिलचे सभासद झाले होते. ऑक्टोबरमध्ये लहान शेतकऱ्यांसंबंधीच्या सरकारी विधेयकावर ते बोलले. जमिनीचे तुकडे होऊ नयेत, ठरावीक क्षेत्राखाली शेत जाऊ नये, असा त्या विधेयकाचा रोख होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते भाषण अवश्य वाचावे. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही. त्यावर लावता येणारे भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते, हा विचार त्यांनी १९१८ च्या आपल्या निबंधात मांडलाच होता. तुकडा लहान म्हणून तो काढून घेतला तर शेतकरी भूमिहीन होतो, शेती काही सुधारत नाही. ‘किफायतशीर क्षेत्र’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या व्याख्येत किती कुटुंबांचे उच्चाटन दडलेले आहे, हे त्यांनी ओळखले. पुढे सरकारने ते विधेयक मागे घेतले.

दहा वर्षांनी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, त्यांनी मुंबईच्या विधानसभेत खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतीचा अंमल मुख्यतः रत्नागिरीत आणि कुलाबा व ठाणे जिल्ह्यांच्या काही भागांत होता. तो प्रश्न आपल्याच गावांचा होता. विधेयकाची मागणी सरळ होती. खोताला वाजवी भरपाई द्यावी, मधला खोत दूर करावा आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला सरकारचा खातेदार मानावे. महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस त्या सभागृहात स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद होते. शेजारी अलिबाग तालुक्यात, चरी आणि आसपासच्या गावांत, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून जमिनी न कसण्याचा संप चालवला होता. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आणि इतर भागांतून आलेल्या वीस-पंचवीस हजार शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक आत, शेतकरी बाहेर, आणि दोघांची मागणी एक, असा हा योग होता.

तरीही ते अशासकीय विधेयक पुढे सरकले नाही. बहुमत ज्यांचे होते त्यांनी ते उचलले नाही, आणि १९३९ मध्ये मंत्रिमंडळच गेले. खोती नष्ट करणारा कायदा झाला तो १९४९ चा. मांडणी आणि कायदा यांत बारा वर्षे. या बारा वर्षांत खोताने किती मक्ता घेतला याचा हिशेब कोणत्याही राजपत्रात सापडणार नाही.

दरम्यान १९३९ चा कुळकायदा आला. चरीच्या संपाचे ते एक फळ होते, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातली ‘संरक्षित कुळा’ची व्याख्या पाहा: १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जो जमीन जातीने कसत होता तो. जेथे कूळ तोंडी बोलीवर कसत होते, पावती मिळत नव्हती आणि चार-दोन वर्षांनी शेत बदलले जात होते, तेथे ‘सलग सहा वर्षे’ हे सिद्ध कसे करणार? त्यातून तो कायदा प्रथम मोजक्या जिल्ह्यांना लागू झाला. संबंध प्रांताला लागू व्हायला १९४६ उजाडले. व्याख्येने काही कुळे गळाली, तारखेने आणखी काही.

१९४८ चा कुळकायदा आणि त्यातली १९५६ ची दुरुस्ती ही स्वातंत्र्योत्तर काळातील मोठी पावले होत. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’. त्या दिवशी कूळ जमिनीचे मालक झाल्याचे मानले गेले. पण त्याच कायद्याच्या एकतिसाव्या कलमाने जमीनमालकाला ‘जातीने कसण्यासाठी’ जमीन परत मागण्याची मुदत दिली होती, ती ३१ मार्च १९५७ पर्यंत. आणि ‘जातीने कसणे’ या व्याख्येत, आपल्या देखरेखीखाली मजुरांकडून कसवून घेणेही बसत होते.

बत्तीस-ग हे कलम तर आपल्या तालुक्यांनी पाठ करावे असे आहे. किंमत ठरवण्यासाठी न्यायाधिकरण कुळाला नोटीस काढी. कूळ हजर झाले नाही, तर त्याला जमीन घ्यायची इच्छा नाही असे मानून खरेदी निष्प्रभ ठरे. फेरविचारासाठी साठ दिवस. आता पोलादपूरच्या खोऱ्यातले घर डोळ्यांसमोर आणा. भात, नाचणी, वरी यांवर वर्ष निघत नाही, म्हणून कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत. शेत कसते ती बाई. नोटीस येते पुरुषाच्या नावे, तारीख पडते तालुक्याच्या कचेरीत. एका खाड्याने जमीन जाऊ शकते, ही तरतूद लिहिणाऱ्याच्या मनात कोकणातला चाकरमानी नव्हता. तो असावा म्हणून त्या वेळी कोणी बोलायला हवे होते. पुढे दुरुस्त्या झाल्या, परंतु गेलेली जमीन दुरुस्तीने परत येतेच असे नाही.

याच कायद्यात २०१४ मध्ये आणखी एक बदल झाला. कुळाने मिळवलेली जमीन, खरेदीनंतर दहा वर्षांनी, आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून विकता येऊ लागली. आकार काही रुपयांचा असतो, तेव्हा चाळीस पट म्हणजे नाममात्रच. कुळाच्या वारसाला कचेरीचे हेलपाटे वाचले, हा लाभ खरा. पण महामार्गालगतच्या जमिनीचा गिऱ्हाईक दारात उभा असताना त्याचीही वाट मोकळी झाली. लाभ कोणाचा जास्त, हा प्रश्न विधेयक सभागृहात असतानाच विचारायचा असतो.

आता अगदी अलीकडचे उदाहरण. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये तीन कृषी कायदे केले. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. ५ व ६ जुलै २०२१ रोजी, अवघ्या दोन दिवसांच्या पावसाळी अधिवेशनात, महाराष्ट्र सरकारने त्या कायद्यांत राज्यापुरत्या दुरुस्त्या सुचवणारी तीन विधेयके मसुदा म्हणून मांडली. व्यापाऱ्याला परवाना सक्तीचा, पैसे बुडवल्यास शिक्षा, हमीभावाखालचा करार अवैध, साठ्यावर मर्यादा घालण्याचा राज्याला अधिकार, असा त्यांचा आशय होता. लगेच मंजुरी न घेता जनतेच्या सूचनांसाठी दोन महिने दिले, ही गोष्ट चांगली होती.

पण ते दोन महिने कोणते? २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही माणसे गाडली गेली. शेतांत दगडगोटे पसरले, बांध वाहून गेले. अशा वेळी विधेयकांवर सूचना कोण पाठवणार होते? आणि पाठवायचीच असती तर सांगण्यासारखे होते. भाताला आणि नाचणीला हमीभाव आहे, वरीला नाही. मग वरी पिकवणाऱ्याला संरक्षण कोणते? केंद्राच्या कायद्यात शेतकऱ्याची व्याख्या, जो पिकवतो तो, अशी उदार होती. पण सरकारी खरेदी केंद्रावर सातबारा लागतो, आणि पिकवणाऱ्या बाईचे नाव सातबारावर नसते. ज्याचे शेतच दरडीखाली गेले त्याच्यासाठी बाजाराच्या विधेयकात एक ओळही नव्हती.

दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसलेल्या शेतकऱ्यांपुढे केंद्राला नमावे लागले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते कायदे रद्द झाले, आणि डिसेंबरच्या अधिवेशनात महाराष्ट्रानेही आपली विधेयके मागे घेतली. आंदोलनाचा तो विजय होता, यात शंका नाही. मात्र विधेयके गेली तशी त्यांतली, व्यापाऱ्यावर बंधन घालणारी कलमेही गेली. वाईट कायदा परतवणे हे अर्धे काम होय. हवा तो कायदा शब्दाशब्दाने लिहून घेणे हे उरलेले अर्धे, आणि ते अधिक चिकाटीचे.

त्या कामात अधिवेशनाचे पंचांगही आपल्या विरुद्ध आहे. पावसाळी अधिवेशन भरते तेव्हा कोकणात लावणी चालू असते. गुडघाभर चिखलातला माणूस सभागृहाची कार्यक्रमपत्रिका वाचू शकत नाही. हिवाळी अधिवेशन नागपूरला. तेथवरचे भाडे मोर्च्याला परवडत नाही. म्हणून ही पाळत एकट्यादुकट्याने होणार नाही, ती संघटनेने वाटून घेतली पाहिजे.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्यात चार-पाच जणांनी जबाबदारी घ्यावी. त्यांत एक शिक्षक असावा, एक कायदा जाणणारा, एक शेत कसणारी बाई आणि मुंबईतल्या चाकरमान्यांपैकी एक. शेतीसंबंधीचे विधेयक मांडले गेल्याबरोबर त्याची मराठी प्रत मिळवावी. तीन प्रश्न लिहून काढावेत. यात शेतकरी कोणाला म्हटले आहे? कोणत्या तारखेपासून व किती मुदतीत हक्क सिद्ध करायचा आहे? आणि हक्क नाकारला तर जबाबदार कोण? ही उत्तरे ग्रामसभेत वाचावीत आणि त्यांवर आपल्या आमदाराने कोणती दुरुस्ती मांडावी, हे त्याला लेखी कळवावे. अधिवेशनानंतर त्याने ती मांडली की नाही, हे त्याला त्याच ग्रामसभेत विचारावे.

सरकारकडेही मागणी केली पाहिजे. शेतीविषयक प्रत्येक विधेयक समितीकडे गेलेच पाहिजे; समितीने निदान एक बैठक डोंगराळ तालुक्यात घेतली पाहिजे; आणि सूचनांची मुदत लावणीच्या व आपत्तीच्या दिवसांत संपता कामा नये.

१९३८ च्या मोर्च्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. तरी आत कोणते विधेयक पडून आहे आणि त्यात आपल्यासाठी काय लिहिले आहे, हे जाणूनच ते मुंबईला गेले होते. आज आपल्या गावांत शाळा आहेत, पदवीधर आहेत, खिशाखिशांत दूरध्वनी आहे. पुढच्या अधिवेशनात शेतीचे कोणते विधेयक येत आहे, हे येथे बसलेल्यांपैकी कोणाला ठाऊक आहे? आजच्या चर्चेची सुरुवात आपण याच प्रश्नाने करावी, अशी माझी विनंती आहे.