ओढ्यातून आलेल्या पिकअपचं तेल

पावसाळ्यात पिकअप ओढ्यातून नेली असेल, तर मागच्या डिफरन्शियलचं तेल जरूर तपासा. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते; हवा ये-जा करण्याचा ब्रीदर तुंबलेला असेल, तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधट दिसलं, तर ते लगेच बदला. त्यासाठी तेल गरम व्हावं म्हणून गाडी थोडी फिरवून सपाट जागी लावा. आधी तेल भरायचा वरचा बोल्ट सोडवून पाहा. तोच गंजून अडकला, तर तेल काढून बसाल आणि गाडी जागची हलणार नाही! तेल काढायच्या खालच्या बोल्टला चुंबक असेल, तर त्यावर बारीक काळा थर चालतो. धातूचे तुकडे दिसले, तर मात्र मेकॅनिकला दाखवा. नवं तेल पुस्तिकेतल्याच ग्रेडचं घ्या. बहुतेक गाड्यांत ते वरच्या भोकाच्या कडेपर्यंत भरतात.