कर्करुग्णाची नळी आणि घरच्यांचे हात



घरात कर्करोगाचे निदान झाले की सर्वांचे लक्ष डॉक्टर, औषधे आणि खर्च या तीन गोष्टींकडे लागते. ते स्वाभाविकही आहे. परंतु केमोथेरपीसाठी रुग्णाच्या दंडात किंवा छातीत जी बारीक नळी बसविली जाते, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ताप भरतो, उपचाराचा फेरा पुढे ढकलावा लागतो, तेव्हा तिची आठवण होते.

केमोथेरपीची काही औषधे इतकी दाहक असतात की हाताच्या लहान शिरेतून बाहेर झिरपल्यास आजूबाजूची त्वचा व मांस जळते. म्हणून नळीचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत ठेवतात. दंडातून जाते ती पिक लाइन. छातीवर त्वचेखालून फिरवून बाहेर काढलेली ती हिकमन नळी, सिएटलच्या डॉ. रॉबर्ट हिकमन यांनी १९७९ मध्ये अस्थिमज्जा रोपणाच्या रुग्णांसाठी तिची माहिती प्रसिद्ध केली. पोर्ट ही लहानशी डबी तर पूर्णपणे त्वचेखालीच राहते आणि औषधाच्या वेळी तिच्यात सुई टोचतात.

नळी बसविण्याचे काम तास-अर्ध्या तासात उरकते. त्यानंतर दोन फेऱ्यांमधले, बहुधा एकवीस दिवस, रुग्ण घरी किंवा धर्मशाळेत असतो. अनेक औषधांनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. म्हणजे शरीराची रोधशक्ती ज्या दिवसांत तळाला जाते, नेमके त्याच दिवसांत नळीची राखण घरच्यांकडे असते. नळीच्या तोंडावर बसलेला जंतू आत शिरला की आतल्या भिंतीला चिकटून थर धरतो. त्या थरात औषध नीट पोहोचत नाही आणि पुष्कळदा नळीच काढावी लागते. पांढऱ्या तलम कापडावरचा डाग दुरून दिसतो. हा डाग दिसत नाही, एवढीच अडचण.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत झालेल्या कामाचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नळी घालताना हात धुणे, रुग्णाला संपूर्ण निर्जंतुक चादरीने झाकणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे, या पाचच गोष्टी तेथे कटाक्षाने पाळल्या गेल्या. अठरा महिन्यांत नळीमुळे होणारा रक्तातील संसर्ग सुमारे दोन-तृतीयांशाने घटला. यात नवे औषध कोणतेच नव्हते. ते रुग्ण केवळ कर्करोगाचे नव्हते हे खरे, पण जंतूला तो भेद कळत नाही.

घरी काय करावे? नळीला हात लावण्यापूर्वी साबणाने हात स्वच्छ धुवावेत. औषध किंवा सलाइन देण्यापूर्वी नळीचे तोंड स्पिरिटच्या पट्टीने किमान पंधरा सेकंद घासावे व वाळू द्यावे. ओझरते पुसणे पुरेसे नाही. पारदर्शक पट्टी साधारण सात दिवसांनी बदलतात, परंतु ती ओली झाली वा सुटली तर त्याच दिवशी. स्नानाच्या वेळी पिक लाइनचा दंड प्लॅस्टिकने गुंडाळावा. घरातील पाणी कितीही गाळून उकळलेले असो, नळीसाठी ते मुळीच चालत नाही; तेथे सीलबंद निर्जंतुक सलाइनच हवे. आणि परिचारिका घरी आली तर "सिस्टर, हात धुतलेत ना?" असे विचारण्यात संकोच नसावा. ज्येष्ठ मंडळींना हे उद्धटपणाचे वाटते, पण त्या संकोचाची किंमत रुग्ण भरतो.

नळी तुंबण्याचे कारण बहुधा आत गोठलेले रक्त असते. कधी दोन औषधे एकत्र येऊन साका धरतो, तर कधी नळी केवळ मुडपलेली असते. म्हणून प्रत्येक वापरानंतर सलाइनने नळी धुतात, तीही थांबत थांबत, लहान लहान धक्क्यांनी. येथे एक चूक वारंवार होते. सिरिंज लहान तर दाब कमी, असा समज असतो. प्रत्यक्षात उलटे असते. लहान सिरिंजचा दाब अधिक असतो व त्याने नळी फाटू शकते, म्हणून दहा मिलिलिटरचीच वापरतात. सलाइन जात नसेल तर जोर मुळीच करू नये. रुग्णालयात गुठळी विरघळविणारे औषध असते आणि पुष्कळदा तीच नळी पुन्हा चालू होते. वापरात नसलेली पिक लाइन साधारण आठवड्याला आणि पोर्ट साधारण चार आठवड्यांनी धुवावा लागतो. काही रुग्णालये पोर्टला अधिक मुदत देतात, तेव्हा त्यांनी लिहून दिलेलेच पाळावे. हुंडीची मुदत जशी वहीत टिपली जाते, तशी ही तारीखही टिपलेली असावी.

पिक लाइनच्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये. तो हात, मान किंवा चेहरा सुजला तर शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, अथवा नळी धुतल्यावर थंडी वाजून आली, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी रुग्णाला रुग्णालयात न्यावे आणि नळी असल्याचे दारातच सांगावे. त्यासाठी गाडीची व सोबतीला येणाऱ्या माणसाची सोय पहिल्या फेऱ्याच्या दिवशीच ठरलेली असावी.