दोन डोळे, बारा हात आणि शाळेतील वळण
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



शील शिकविता येते काय, हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने त्यास दिलेले उत्तर शिक्षकाच्या नित्य उपयोगाचे आहे. बुद्धीचे गुण मुख्यत्वे अध्यापनाने वाढतात. शीलाचे गुण मात्र सवयीने अंगी बाणतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. घरे बांधता बांधताच मनुष्य गवंडी होतो. त्याचप्रमाणे न्यायाने वागता वागताच तो न्यायी होतो. सद्गुण हे पाठांतर नव्हे, ते वळण आहे.

हे तत्त्व ग्रंथातून समजावून घेणे कठीण वाटेल, त्याने व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा चित्रपट आठवावा. त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले आणि १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. कथा ग. दि. माडगूळकरांची. तिच्यामागे एक खराखुरा प्रयोग आहे. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची मुक्त वसाहत स्थापन झाली. तीत कैद्यांनी भिंतीवाचून राहावे, शेती करावी आणि कुटुंबासह संसार करावा, अशी योजना होती.

चित्रपटातील आदिनाथ हा तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना मागून घेतो आणि एका ओसाड माळावर नेतो. तेथे तो त्यांना नीतिपाठ देत बसत नाही. तो त्यांच्या हाती काम देतो आणि स्वतःही त्यांच्याबरोबर राबतो. ज्या हातांनी माणसे मारली, तेच बारा हात माती फोडतात, पेरतात आणि पिकलेला माल बाजारात नेतात. पळून जाण्याचा विचार मनात आला, तरी आदिनाथाचे डोळे त्यांना आठवतात आणि पाय मागे वळतात.

येथे एक शंका घेणे रास्त आहे. कोणी पाहत आहे म्हणून नीट वागणे, हा सद्गुण कसा? ॲरिस्टॉटलनेही मन मारून स्वतःस आवरणारा मनुष्य आणि सत्कृत्यातच आनंद मानणारा मनुष्य, असा भेद केला आहे. पहिला अद्यापि वाटेवर आहे. दुसरा मुक्कामास पोहोचला. परंतु वाटेवर असणे हा दोष नव्हे. मूल आरंभी आईच्या धाकाने हात धुते, पुढे हात धुतल्यावाचून त्याला जेवणच गोड लागत नाही. धाक गळून पडतो, वळण उरते. आदिनाथ मृत्यू पावतो, तेव्हा चित्रपटाचा खरा प्रश्न उभा राहतो : पाहणारे डोळे मिटल्यावर बारा हात काय करतील? ते डोळे कैद्यांच्या अंतरी उघडले असतील, तरच प्रयोग सफल झाला म्हणावयाचा.

हाच प्रश्न प्रत्येक वर्गात दररोज उभा असतो. गुरुजी फळ्याकडे वळले, की वर्ग काय करतो? छडीने मिळविलेली शांतता गुरुजींची पाठ वळेपर्यंतच टिकते. उलट, मुलांवर सर्वस्वी भार टाकून निश्चिंत होणे हाही विश्वास नव्हे. ती बेफिकिरी होय. भ्याडपणा आणि अविचारी साहस यांच्या मधला मार्ग म्हणजे धैर्य, असे ॲरिस्टॉटल सांगतो. संशय आणि बेफिकिरी यांच्या मध्ये डोळस विश्वासाचे स्थान आहे. आदिनाथाने कैद्यांच्या बेड्या काढल्या. पण त्यांना वाऱ्यावर सोडले नाही.

शाळेत हा विश्वास लहान लहान कामांतून देता येतो. ग्रंथपेटीची किल्ली आठवड्याच्या पाळीने मुलांकडे द्यावी. पेन्सिली, खोडरबरे व वह्या यांचे विक्रेत्यावाचून चालणारे छोटे दुकान मांडावे; मुलांनी वस्तू घ्यावी, पैसे डब्यात टाकावे आणि शनिवारी त्यांनीच हिशेब करावा. तूट आली तर झडती घेऊ नये. तुटीचा आकडा फळ्यावर लिहावा आणि ती कशी भरावयाची, हे मुलांनाच ठरवू द्यावे. एखादे मूल दुसऱ्या दिवशी गुपचूप नाणे आणून टाकील. ते कोणी टाकले, याचा शोधही करू नये. त्या क्षणी त्या मुलाने स्वतःच स्वतःकडे पाहिलेले असते.

ज्या मुलावर ‘उनाड’ हा शिक्का बसला आहे, त्यालाच प्रथम किल्ली मिळणे अगत्याचे आहे. प्रामाणिकपणे वागण्याची संधीच ज्याला मिळाली नाही, त्याला प्रामाणिकपणाची सवय लागणार कोठून? एकदा तो चुकेल, दोनदा चुकेल. शेतकरी एक हंगाम बुडाला म्हणून जमीन टाकून देत नाही.

मात्र या सर्वांस एक अट आहे. आदिनाथ स्वतः मातीत उतरला नसता, तर त्याच्या डोळ्यांत ते सामर्थ्य आले नसते. वेळेवर येणारा, तपासलेली वही सांगितलेल्या दिवशी परत करणारा आणि चूक झाल्यास ती मुलांपुढे मान्य करणारा शिक्षक हाच नीतिशिक्षणाचा पहिला पाठ होय. मुले ऐकतात थोडे आणि पाहतात फार. शिक्षकाचे दोन डोळे वर्गावर असतात, तेव्हा वर्गाचे कितीतरी डोळे शिक्षकावर असतात.