दुकानभाड्याचे मूळ



वहीवर छापलेली किंमत महानगरात आणि तालुक्याच्या गावी एकच असते. पेनाचे आणि बिस्किटाच्या पुड्याचेही तसेच. मात्र गावच्या पेठेत गाळ्याला वर्षाकाठी जेवढे भाडे पडते, तेवढ्यात महानगरातील मोक्याच्या जागेचा पुष्कळदा एक महिनाही निघत नाही. ‘भाडे जबर, म्हणून माल महाग’ असे सर्रास ऐकू येते. पण छापील किमतीपुढे जाता येत नसेल, तर हे भाडे निघते कोठून?

इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली शेतजमिनीच्या खंडाविषयी असे प्रतिपादन केले, की खंड जबर म्हणून धान्य महाग होत नाही; धान्य महाग म्हणून खंड जबर होतो. शेताला जशी सुपीकता, तशी दुकानाला वर्दळ. समजा, गावात दिवसाला वीस वह्या खपतात आणि शहरात दोनशे. या जादा नफ्यातील मोठा वाटा जागामालक मागतो, कारण तो देण्यास तयार असलेला दुसरा व्यापारी दाराशी उभाच असतो.

दिल्लीचे खान मार्केट पाहावे. फाळणीत सर्वस्व गमावून वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९५१ साली ही पेठ वसवण्यात आली. खाली दुकान, वर बिऱ्हाड. आज तिची गणना देशातील सर्वांत महागड्या बाजारपेठांत होते. भोवती मंत्र्यांचे व बड्या अधिकाऱ्यांचे बंगले. २०१० साली मेट्रोही आली. गिऱ्हाईक वाढले, जागा तेवढीच राहिली. वरच्या बहुतेक बिऱ्हाडांचीही दुकाने व उपाहारगृहे झाली. गावात असे होत नाही. तेथे स्टँडजवळचे भाडे चढले, की रस्त्याकाठच्या एखाद्या घराची पुढची खोली शटर लावून दुकान बनते. शिवाय आठवडी बाजाराचा एक दिवस सोडला, तर उरलेले सहा दिवस दुकानदार माश्या मारत बसतो, हेही खरेच.

परंतु वर्दळीचा लाभ सर्वांना सारखा होत नाही. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला हात दोनच. दारावरून हजार माणसे गेली, तरी दिवसभरात घड्याळे होणार मोजकीच. असा कारागीर किंवा जुन्या पुस्तकांचा विक्रेता भाड्याच्या चढाओढीत टिकत नाही.

१९५८ च्या दिल्ली भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना संरक्षण दिले. १९८८ च्या दुरुस्तीने मासिक साडेतीन हजारांहून अधिक भाड्याच्या जागा त्यातून वगळल्या. म्हणून कॅनॉट प्लेसमध्ये नाममात्र भाड्याचे जुने दुकान आणि लाखोंच्या भाड्याचे नवे दुकान एकाच ओळीत दिसू शकते. भाडेकरूला आधार मिळाला, हे चांगलेच झाले. मात्र अशा भाड्यात डागडुजीचा खर्चही न निघाल्याने मालक इमारतीकडे फिरकेनासा होतो. शिवाय हे संरक्षण जुन्या भाडेकरूचे. आज नव्याने धंदा मांडणाऱ्या घड्याळजीच्या वाट्याला बहुधा एखाद्या जिन्याखालची, टेबल मावेल एवढीच जागा येते.