पालनी कोणी धरली?

(संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी मंडळात केलेले भाषण)

अध्यक्षबाई, मंडळाच्या भगिनींनो, आणि दाराशी उभ्या राहून ऐकणाऱ्या शेजारणींनो, आधी आत या पाहू. सतरंजीवर जागा पुष्कळ आहे.

लोकनृत्यावर दोन शब्द बोलायला मला सांगितले आहे. नाचावर बोलायला नेमकी गुडघे दुखणारी बाई निवडली, याचे कारण तुम्हांपैकी काहींना ठाऊक आहे. मागच्या सभेत असे ठरत आले होते की, यंदा पाडव्याला मंडळाच्या वर्धापनदिनी आपल्या लेकीसुनांनी होळीचा आदिवासी नाच बसवावा. अंगावर पांढरे ठिपके काढावेत, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालावा, कमरेला भोपळे बांधावेत आणि मागे तयार गाणे लावावे. सगळ्याजणी हो म्हणाल्या. मी एकटीने नाही म्हटले, आणि नाही का ते नीट सांगता आले नाही. मग ठरले की, बाईंनी हळदीकुंकवाला सविस्तरच बोलावे! तेव्हा ही माझी जबानी समजा.

आपले म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. तोरणमाळला जाणारी वाट आपल्या अंगणावरून जाते. फाल्गुन लागला की ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला गेलेली माणसे कुठूनकुठून परत येतात, भोंगऱ्याचा बाजार भरतो, आणि रात्री वारा डोंगराकडचा असला की ढोल ऐकू येतो. तो आपण अंथरुणात पडून ऐकतो. “आली वाटते त्यांची होळी,” असे म्हणतो आणि कूस बदलतो. मीही पुष्कळ वर्षे तेच केले.

काठीची राजवाडी होळी मी पाहिली ती शाळेतून निवृत्त झाल्यावर. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीच्या पुढे जावे लागते. आपली होळी संध्याकाळी पेटते आणि तासाभरात पुरणपोळीला माणसे मोकळी. तिथे होळी पेटते ती पहाटे, उजाडण्याच्या सुमारास. तोवर सारी रात्र नाच. आणि डोंगरात सगळीकडे एकाच रात्री होळी नसते. आधी डाबची, मग काठीची, मग आणखी गावांची, अशी ओळीने. म्हणून नाचणारे पुरुष या गावाहून त्या गावाला पायी जातात.

त्यांत बावा आणि बुध्या असतात. अंगभर राखेचे नि पिठाचे ठिपके, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा उंच टोप आणि त्याला मोरपिसे, कमरेला घुंगरांचा पट्टा आणि वाळलेले भोपळे. काळे तोंड केलेली ‘काली’ असते, तीही बाईच्या वेशातला पुरुषच. शेपन्नास घुंगरांचे पट्टे एकदम हलले की आवाज पायांखालच्या जमिनीतून येतो असे वाटते. पण मी पाहत राहिले ते त्यांचे पाय. सगळे अनवाणी, आणि त्या दगडधोंड्यांत!

त्याचे कारण मला तीस वर्षे आधीच कोणी तरी सांगून ठेवले होते. ती गोष्ट सांगायला मला बरे वाटत नाही, पण तिच्यावाचून माझे म्हणणे पुरे होत नाही.

मी एका शाळेत नवी असताना स्नेहसंमेलनात हाच नाच बसवला होता. हाच, म्हणजे मंडळाने ठरवला तोच. आठ मुली घेतल्या. खडूच्या पाण्याचे ठिपके काढले, पुठ्ठ्याचे टोप केले, बाजारातून दुधी आणून वाळवायला वेळ नव्हता म्हणून फुगे रंगवून कमरेला बांधले. नाचता नाचता दोन फुगे फुटले आणि सारा मांडव हसला. मीही हसले. नाचाला बक्षीसही मिळाले. दुसऱ्या दिवशी शाळेत झाडलोट करणारी पावरा समाजाची एक बाई झाडू भिंतीला टेकवून माझ्याजवळ आली. रागावली नव्हती. तिने एवढेच विचारले, “बाई, ह्या पोरींची पालनी कोणी धरली होती?”

पालनी म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊकच नव्हते. तिने सांगितले. ज्याला बुध्या व्हायचे तो नवस बोललेला असतो. कोणाचे मूल आजारातून उठलेले असते, कोणाला मूल हवे असते. होळीआधी काही दिवस तो व्रत धरतो. पायांत वहाण घालायची नाही, खाटेवर निजायचे नाही, ब्रह्मचर्य पाळायचे, खाण्यापिण्याचेही नेम. ते पाळले तर अंगावरचे ठिपके खरे, नाही तर नुसता चुना. “तिचा भाऊ यंदा नाचणार आहे,” असे तिने माझ्या वर्गातल्या एका मुलीचे नाव घेऊन सांगितले. त्या मुलीला मी नाचात घेतले नव्हते. ती रांगेत नीट उभी राहत नाही, असे मला वाटे. फुगे फुटले तेव्हा ती पुढच्या ओळीत बसलेली होती. हसली की नाही, हे मी पाहिले नव्हते.

आता जरा दूरच्या देशातले सांगते, कंटाळू नका. माझी भाची मँचेस्टरजवळ एका गावी राहते. तिच्याकडे उन्हाळ्यात गेले असता चौकात नाच लागला होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसे, गुडघ्याखाली घुंगरांचे पट्टे, हातात मोठाले रुमाल, आणि मधूनमधून टिपऱ्यांसारखी काठ्यांची ठोकाठोक. याला तिकडे मॉरिस म्हणतात. तिथेही पूर्वी एक पुरुष बाईचे लुगडे, म्हणजे त्यांचा झगा, नेसून फिरे. काही गावांत तोंड काळे करीत. ती चाल बंद करण्याचे त्यांच्या संघटनांनी २०२० मध्ये ठरवले. तिथेही अमुक सणालाच नाचायचे, दारोदार जायचे आणि पैसे मागायचे. मला काठीची आठवण झाली यात नवल ते काय?

दुसरा संघ लाकडी तळाचे जोडे घालून नाचत होता. आपल्या खडावांना वादी लावून बूट केले तर कसे दिसतील, तसे. लँकेशायरच्या कापडगिरण्यांतले बायापुरुष तेच जोडे घालून कामाला जात. मागांच्या खडखडाटात बोललेले ऐकू येत नसे, पण पायांना ठेका सापडे, आणि त्यातूनच हा नाच वाढला असे सांगतात. चार्ली चॅप्लिन लहानपणी असल्याच जोड्यांचा नाच करणाऱ्या मुलांच्या मेळ्यात होता! आणि एक गंमत पाहा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी होऊन तिकडचा कापूस बंद पडला, तेव्हा या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस जाऊ लागला, त्यात आपला खानदेशी कापूसही होता. त्याचा धागा आखूड, म्हणून कामगार त्याला शिव्या देत. त्यांचे पाय आपल्या कापसावर थोडे का होईना थिरकले असतील, असे मनात येऊन मला हसू आले.

भाचीने या नाचाची जी हकीकत सांगितली, ती आपल्या उपयोगाची आहे. १८९९ च्या २६ डिसेंबरला ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन गावी सेसिल शार्प नावाच्या गृहस्थांना हा नाच पहिल्यांदा दिसला. नाचणारे बांधकामावरचे मजूर. थंडीने काम बंद, घरात पैसा नाही, म्हणून ते अवेळी नाचायला बाहेर पडले होते, आणि अवेळी नाचल्याबद्दल माफीही मागत होते. त्यांच्यात विल्यम किंबर हा बाजा वाजवीत होता, व्यवसायाने गवंडी. पुढे १९०५ मध्ये लंडनच्या मेरी नील या बाईंनी काय केले? त्या शिवणकाम करणाऱ्या गरीब मुलींचा एक क्लब चालवीत. त्यांनी पुस्तकात बघून नाच बसवला नाही. किंबरला आणि त्याच्या चुलतभावाला लंडनला बोलावून घेतले आणि मुलींना त्यांच्यापुढे उभे केले. त्या मुली शिकल्या आणि मग त्यांनीच गावोगाव जाऊन शिकवले. पुढे शार्पसाहेबांचे आणि नीलबाईंचे बिनसले. शुद्ध काय, अशुद्ध काय, यावर वाद. १९३४ मध्ये या नाचाची जी मोठी संघटना निघाली, ती तर पुरुषांपुरतीच! शिवणाऱ्या मुलींनी वाढवलेला नाच आणि मुलींनाच दार बंद. शेवटी १९७५ मध्ये बायकांनी आपली वेगळी संघटना काढली. असो. बायकांचे हे असे सगळीकडेच.

तुम्ही म्हणाल, नीलबाईंच्या मुली पुरुषांचा नाच शिकल्या, तर आमच्या सुनांनी का शिकू नये? प्रश्न रास्त आहे. पण किंबर स्वतः शिकवायला आला होता. तो राजी होता. बुध्याचा नाच नवसाचा आहे, तो त्यांच्यातही सगळ्यांचा नाही. तो मागायला मी जाणार नाही.

पण त्यांच्या बायकांचा नाच आहे! होळीला तर आहेच, लग्नातही असतो. एकमेकींच्या कमरेला हात घालून रांग धरतात, एक रांग गाणे म्हणते, दुसरी ते उचलते, आणि पावले मागेपुढे अशी पडतात की दहाजणींचे एकच अंग व्हावे. त्याला वेश लागत नाही, टोप लागत नाही. शेजारणीशी पाऊल जुळावे लागते, एवढेच. आपल्याला ते अवघड जाईल, हे आधीच सांगून ठेवते.

कारण आपले पाय तरी कुठे चालू आहेत? कानबाईच्या विसर्जनाला माझी सासू पासष्टाव्या वर्षी फुगडी घाली, आणि तिच्या पुढ्यात आम्ही सुना दमून बसत असू. आता श्रावणात कानबाई निघते तेव्हा पुढे मोठाले कर्णे लावलेली गाडी असते, मुलगे नाचतात, आणि आपण पदर सावरून मागून चालतो. गुलाबाईची गाणी किती मुलींना येतात? आपल्या मंडळात विचारून पाहिले, सातजणींना येतात. सर्वांत लहान ती अठ्ठावन्न वर्षांची. स्वतःचा नाच सोडून दिलेल्या बायकांनी दुसऱ्यांचा नाच तीन आठवड्यांत उरकावा, हे मला त्या फुग्यांसारखेच वाटते.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्याकडे कापूस वेचायला, मिरच्या खुडायला ज्या बाया येतात, त्यांतल्या कित्येकींची नावे आपल्याला ठाऊक आहेत, पाड्यांची नावे ठाऊक आहेत. होळीनंतर दोघीतिघींनी जाऊन त्यांना विचारावे की, पाडव्याला याल का, आणि आधी चार दिवस संध्याकाळी आम्हांला पावले दाखवाल का? येतो म्हणाल्या तर त्या दिवसांची मजुरी बुडते, ती मंडळाने भरून द्यावी. गाडीभाडे द्यावे आणि वरणबट्टीचे जेवण आपल्याच पंगतीत, आपल्याच ताटांत वाढावे. वेगळ्या पत्रावळी आणलेल्या मला चालणार नाहीत, हे स्पष्ट बोलते. नाही म्हणाल्या तर आपण आपली फुगडी घालू. वेशभूषेसाठी बाजूला काढलेले साडेतीन हजार रुपये खजिनदारबाईंकडे आहेतच, ते याला पुरावेत.

ती झाडलोट करणारी बाई आता नाही. पण तिची नात इथून जवळच्याच पाड्यावर आहे, बचत गटाचे काम बघते. तिच्याकडे मी स्वतः जाईन, आणि आजीने विचारलेला प्रश्नही तिला सांगेन. माझ्याबरोबर कोण येणार तेवढे तिळगूळ घेताना सांगा. आणि हो, ढोल आला तर तो ओट्यावर मावणार नाही. त्या मोडक्या खुर्च्या तिथून आजच हलवायला हव्यात.