शिडाच्या होडींतून जागतिक शर्यतीकडे

पावसाळा सरला, कीं मुंबईच्या अपोलो बंदरासमोरच्या पाण्यांत सुटीच्या दिवशीं एक मोठें प्रसन्न दृश्य दिसूं लागतें. पांढऱ्या शिडांच्या लहान लहान होड्या एका ओळीशीं जमतात, इशारा होतांच वाऱ्याच्या रोखानें सुटतात आणि बघतां बघतां दूरच्या बोयाकडे निघून जातात. कठड्याशीं उभे राहून आपण हें कौतुकानें पाहतों, हातांतल्या शेंगा संपवितों आणि घरीं परततों. “ही थोरामोठ्यांची करमणूक, आपला तिच्याशीं काय संबंध?” असें एकानें म्हणावें आणि इतरांनीं मान डोलवावी, हें नेहमींचेंच. त्या होड्यांतून राष्ट्रीय आणि जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धांपर्यंत जाणारा एक रस्ता आहे, तो पायऱ्यापायऱ्यांचा आहे, आणि त्याचें दार कुलूपबंद नाहीं, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम “हौशी” या शब्दाचा उलगडा करूं. हौशी नाटकमंडळी म्हटलें, कीं आपल्या ओठांवर थोडें हसूं येतें. हौशी म्हणजे कच्चा, असा अर्थ त्या शब्दाला नकळत चिकटला आहे. शिडाच्या शर्यतींत तसें नाहीं. या खेळाची जगांतील सर्वोच्च संस्था १९०७ सालीं पॅरिस येथें स्थापन झाली. आज ती वर्ल्ड सेलिंग या नांवानें ओळखली जाते. तिच्या वर्गवारीप्रमाणें जो केवळ विरंगुळा म्हणून शर्यतींत उतरतो तो पहिल्या गटांतला, आणि ज्याला या कामाचे पैसे मिळतात तो तिसऱ्या गटांतला. मधला दुसरा गट आतां राहिलेला नाहीं. कांहीं मोठ्या होड्यांच्या शर्यतींत तिसऱ्या गटांतील किती माणसें होडीवर घ्यावींत यावर मर्यादा असते. तेथें ही वर्गवारी कामास येते. लहान होड्यांच्या स्पर्धांत मात्र शाळकरी मुलगा, महाविद्यालयांतील विद्यार्थिनी आणि सैन्यांतला जवान हीं सर्व एकाच रेषेवरून सुटतात. वारा कोणाचा गट विचारीत नाहीं.

आतां पहिली पायरी. ती म्हणजे एखादा क्लब किंवा शिक्षणकेंद्र. तेथें प्रथम पोहतां येतें कीं नाहीं हें पाहतात, मग उलटलेली होडी सरळ करून पुन्हां तींत चढावयास शिकवितात. पालकांच्या छातींत धस्स होतें तें येथेंच. पण होडी उलटणें हा या खेळांतला अपघात नसून पहिला धडा आहे. मुलांसाठीं ऑप्टिमिस्ट नांवाची होडी असते. अमेरिकेंतील क्लार्क मिल्स यानें ती १९४७ सालीं आंखली. तिची लांबी अवघी २.३ मीटर, आकार एखाद्या पेटीसारखा, आणि तींत एकटें मूल बसतें. पंधरा वर्षांनंतर मुलें बहुधा इल्का या होडीकडे वळतात. हिलाच पूर्वीं लेझर म्हणत. ही ४.२३ मीटर लांबीची, एका माणसाची होडी. सांगाडा एकच, पण शिडें तीन मापांचीं: ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर. शरीर वाढेल तसें शीड बदलावयाचें, होडी तीच ठेवावयाची. सर्वांच्या होड्या एकाच मापाच्या असल्यामुळें पैसेवाल्याला अधिक वेगवान होडी विकत घेतां येत नाहीं. नवी होडी मध्यमवर्गीय घराला जड जाते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण कित्येक क्लबांजवळ स्वतःच्या होड्या असतात, आणि शिकणाऱ्यानें आरंभींच होडी घ्यावी अशी कोणाचीच अपेक्षा नसते.

दुसरी पायरी कागदांची. स्पर्धा भरविणारी संस्था आधीं शर्यतीची सूचना प्रसिद्ध करते. कोणत्या जातीच्या होड्यांना प्रवेश आहे, वयाची अट काय, शुल्क किती, प्रवेशाची शेवटची तारीख कोणती, हें सर्व तींत असतें. सामान्यतः त्या जातीच्या होड्यांच्या संघटनेचें सभासदत्व लागतें, दुसऱ्याचें नुकसान झाल्यास तें भरून देणारा विमा लागतो, आणि स्पर्धक अज्ञान असेल तर पालकांची संमति लागते. मग होडीचें, शिडाचें आणि दोरांचें माप तपासतात. परीक्षेचा अर्ज भरतांना आपण जितकी काळजी घेतों, तितकीच येथें घ्यावी लागते. वाऱ्यावर स्वार होणाऱ्या पुष्कळांची होडी प्रथम कागदावर उलटते. शर्यतीच्या नियमांचें पुस्तक चार वर्षांनीं सुधारून निघतें. हल्लींचें २०२५ ते २०२८ या काळाचें आहे. वादळी हवेंत शर्यतीस उतरावयाचें कीं नाहीं याची जबाबदारी ज्याची त्याचीच, असें तें पुस्तक स्पष्ट बजावतें. त्याच पुस्तकाची पहिली आज्ञा अशी कीं, संकटांत सांपडलेल्या कोणालाही शक्य ती मदत केलीच पाहिजे.

ही आज्ञा नुसती शोभेची नव्हे. १९८८ च्या ऑलिंपिकच्या वेळीं कोरियांतील पुसानच्या समुद्रावर कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू दुसऱ्या क्रमांकावर होता. जवळच दुसऱ्या शर्यतींतील सिंगापूरची होडी उलटलेली आणि तिचे खलाशी खवळलेल्या पाण्यांत पडलेले त्याला दिसले. त्यानें पदकाची वाट सोडली आणि होडी तिकडे वळविली. माणसें वांचलीं, शर्यत हातची गेली. पंचांनीं मागाहून त्याला त्या शर्यतीपुरता दुसरा क्रमांक बहाल केला. मुलाला या खेळांत घालावें कीं नाहीं, अशा विचारांत असलेल्या आईबापांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. बहुतेक शर्यतींत होडीहोडीमागें पंच नसतो. उजव्या बाजूनें वारा घेऊन येणाऱ्या होडीला डाव्या बाजूनें वारा घेणाऱ्यानें वाट द्यावयाची. चुकल्यास आपण होऊन होडीचे दोन पूर्ण वळसे घ्यावयाचे आणि मगच पुढें जावयाचें. स्वतःची शिक्षा स्वतःच भोगावयास लावणारे खेळ जगांत फार नाहींत.

तिसरी पायरी गुणांची, आणि सगळें रहस्य तिच्यांतच आहे. अजिंक्यपद एका शर्यतीवर ठरत नाहीं. कित्येक दिवस अनेक शर्यती होतात. पहिला येईल त्याला १ गुण, दुसऱ्याला २, दहाव्याला १०. आणि शेवटीं ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजयी. पुरेशा शर्यती झाल्या म्हणजे प्रत्येकाची सर्वांत वाईट शर्यत हिशेबांतून वगळतात. उदाहरण घ्या. सहा शर्यतींत एकजण तीनदां पहिला आला, पण उरलेल्या तिन्हींत तेरावा, चौदावा आणि पंधरावा आला. पंधरा वगळून त्याचे गुण झाले ३०. दुसरा एकदांही जिंकला नाहीं. तो चौथा, पांचवा, पांचवा, पांचवा, सहावा आणि सातवा आला. सात वगळून त्याचे गुण २५, आणि तोच वरचढ ठरला. तीनदां टाळ्या घेणारा मागें राहिला, आणि ज्याच्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें तो पुढें गेला. एखाद्या दिवसाच्या पराक्रमाला हा खेळ मान देतो, पण राज्य नियमितपणाला देतो.

याच गुणांच्या जोरावर वरच्या स्पर्धांचें दार उघडतें. भारतांत यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था या खेळाचा राष्ट्रीय कारभार पाहते. राष्ट्रीय स्पर्धा आणि निवडीच्या स्पर्धा यांतील कामगिरीवरून खेळाडूंची क्रमवारी लागते, आणि परदेशीं जाणारा संघ निवडला जातो. ऑप्टिमिस्टच्या जागतिक स्पर्धेला एका देशानें जास्तींत जास्त पांच मुलें पाठवावयाचीं असा नियम आहे. ऑलिंपिकचें दार याहून अरुंद. तेथें प्रत्येक प्रकारांत एका देशाची एकच होडी, आणि मिळालेली जागा खेळाडूची नसून देशाची असते.

यांतून एक मौज घडते. २०२४ च्या जानेवारींत ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड येथें इल्काच्या मोठ्या शिडाची जागतिक स्पर्धा झाली. लष्कराच्या मुंबई येथील केंद्रांत तयार झालेला विष्णु सरवणन तींत सव्विसावा आला. आणि तेवढ्यानें पॅरिस ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यतींतील भारताची पहिली जागा मिळाली! सव्विसावा येऊन जागा कशी? ज्या देशांना आधींच जागा मिळाली होती त्यांचे खेळाडू हिशेबांतून गळाले. एकाच देशाचे दुसरे, तिसरे खेळाडूही गळाले. आणि उरलेल्या देशांच्या यादींत भारताचा क्रमांक वर चढला. पुढें एप्रिल महिन्यांत फ्रान्समधील इयेर येथें शेवटच्या संधीची म्हणून जी स्पर्धा झाली, तींत नेत्रा कुमानन हिनें स्त्रियांची जागा मिळविली. याच नेत्रानें २०२१ सालीं ओमानमधील मुसन्ना येथें पात्रता मिळवून, या खेळांत ऑलिंपिकला जाणारी पहिली भारतीय स्त्री होण्याचा मान पटकाविला होता. सव्विसाव्या क्रमांकाला हंसणारानें हा हिशेब एकदां करून पाहावा. तेथें प्रत्येक शर्यतींत एकेका होडीला मागें टाकणें मोलाचें असतें. दमलों म्हणून सोडून दिलेला शेवटचा टप्पा देशाला महाग पडूं शकतो.

आतां थोडें आपल्या घरचें. मुंबईचें पाणी या खेळाला नवें नाहीं. रॉयल बॉम्बे यॉट क्लबाची स्थापना १८४६ सालची. १९८२ च्या आशियाई स्पर्धा दिल्लीस झाल्या, तरी शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रावरच झाल्या, आणि फरोख तारापोर व झरीर करंजिया या जोडीनें फायरबॉल या होडींत सुवर्णपदक मिळविलें. आंग्र्यांच्या आरमाराचा अभिमान तर आपण प्रत्येक व्याख्यानांत बाळगतों. पण पोटच्या मुलाला होडींत पाठवावयाचें म्हटलें, कीं आपल्याला समुद्राची भीति आठवते, परीक्षा आठवते, सर्दीसुद्धां आठवते.

२०२३ सालीं हांगचौच्या आशियाई स्पर्धेंत इल्काच्या लहान शिडाच्या प्रकारांत भारताला रौप्यपदक मिळवून देणारी मुलगी सतरा वर्षांची होती. तिचें नांव नेहा ठाकूर. ती मध्य प्रदेशांतील देवास जिल्ह्यांतल्या एका शेतकऱ्याची कन्या. देवास कोठें आणि समुद्र कोठें! ती शिकली भोपाळच्या मोठ्या तलावावरील शिक्षणकेंद्रांत. तिच्या अकरा शर्यतींच्या गुणांची बेरीज झाली ३२. सर्वांत वाईट शर्यतींत ती पांचवी आली होती, ते ५ वगळून उरले २७. म्हणजे तिचा सर्वांत वाईट दिवसदेखील पांचव्या क्रमांकाखालीं गेला नाहीं. नियमितपणा म्हणतात तो हाच. ज्यांच्या गच्चीवरून समुद्र दिसतो त्यांनीं या मुलीचा हिशेब शांतपणें वाचावा.

कोणी म्हणेल, “आमचें वय आतां उलटलें.” तीही सबब चालणार नाहीं. इल्काच्या प्रौढांसाठीं स्वतंत्र जागतिक स्पर्धा भरतात, त्यांत वयोमानाप्रमाणें वर्ग असतात, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचाही एक निराळा वर्ग आहे. तेव्हां मुलाला क्लबाच्या दारापर्यंत पोंचविणाऱ्या वडिलांनीं बाहेरच्या बांकावर बसून राहिलेंच पाहिजे असें नाहीं.

श्रोतेहो, जागतिक स्पर्धेपर्यंत थोडेच पोंचतील. तसें तर शाळेंत जाणाऱ्या सर्वांचा पहिला नंबर कोठें येतो? पण जो त्या वाटेला लागेल त्याला वारा ओळखतां येईल, चूक कबूल करून दोन वळसे घेतां येतील, आणि एक वाईट दिवस वगळून उरलेल्या दिवसांची बेरीज करतां येईल. पुढच्या वेळीं बंदरावर गेलांत, तर नुसते कठड्याशीं थांबूं नका. शेजारच्या क्लबांत जाऊन प्रवेशाचा कागद मागा. पहिली पायरी तेथेंच आहे.