दोष पोर्टाचा कीं दुभाष्याचा?

सन २०१६ च्या सुमाराचें एक घर डोळ्यांपुढें आणावें. घरधनी वकील आहेत. अशिलांचे हिशेब आणि खटल्यांच्या तारखा ज्या प्रोग्रॅममध्यें वर्षानुवर्षें नोंदलेल्या, तो प्रोग्रॅम विंडोज ७ वांचून चालत नाहीं. जुना संगणक थकला म्हणून नवें यंत्र आणलें, आणि मुलगा पेन ड्राइव्हवरून तीच प्रणाली त्यावर घालावयास बसला. यंत्र सुरू होतांच बायॉसच्या पडद्यावर कीबोर्डनें आपलें काम चोख केलें. परंतु विंडोजची पहिली खिडकी उघडली मात्र, तों कीबोर्ड मुका झाला आणि माउस निश्चल झाला. भाषा निवडण्यास सांगणारी ती खिडकी समोर आहे, पण निवडावयाचें कशानें?

अशा वेळीं पहिला निकाल बहुधा एकच लागतो : "पोर्टें जळलीं, बोर्ड बदला." बोर्ड बदलून येतो, पैसे खर्च होतात, आणि नवा बोर्डही त्याच खिडकीपाशीं तसाच अडतो. कारण मुळांत बिघडलेलें असें कांहीं नव्हतेंच.

यूएसबीचें पोर्ट म्हणजे केवळ दरवाजा. त्याच्यामागें नियंत्रक नांवाची चिप असते, आणि त्या चिपेची भाषा प्रणालीला समजावून सांगणारा जो छोटा प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याला दुभाषा म्हटलें तर चूक होणार नाहीं. बायॉसपाशीं स्वतःचा दुभाषा असतो. म्हणून तेथें कीबोर्ड चालतो. पुढें विंडोज कारभार हातीं घेते, आणि तिच्यापाशीं त्या चिपेचा दुभाषा नसेल तर दरवाजा शाबूत असूनही आंतबाहेर कांहींच जात नाहीं.

हा दुभाषा नव्हता कां, याचें उत्तर तारखांत आहे. यूएसबीचा पहिला आराखडा १९९६ चा, दुसरा २००० चा. तिसरा नोव्हेंबर २००८ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि त्याबरोबर एक्सएचसीआय नांवाचा नव्या पद्धतीचा नियंत्रक आला. विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्यें बाजारांत आली, पण तिच्यांत या नियंत्रकाचा ड्रायव्हर नव्हता. लिनक्सच्या २.६.३१ या आवृत्तींत तो सप्टेंबर २००९ मध्येंच होता. विंडोजमध्यें तो २०१२ सालीं आठव्या आवृत्तीबरोबर आला.

मग इतकीं वर्षें कोणाचें अडलें कसें नाहीं? कारण बोर्डावर जुना व नवा असे दोन्ही नियंत्रक असत. निळ्या पोर्टांत कीबोर्ड चालला नाहीं, तर काळ्या पोर्टांत चाले. सन २०१५ मध्यें इंटेलनें सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांबरोबर जे चिपसेट काढले, त्यांतून जुना नियंत्रक वगळला. तेव्हांपासून काळें असो वा निळें, त्या चिपसेटचें प्रत्येक पोर्ट नव्या नियंत्रकाच्याच हाताखालीं गेलें.

तेव्हां निदान कसें करावें? प्रथम बायॉसमध्यें कीबोर्ड चालतो काय, तें पाहावें. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावें. त्यासाठीं डिस्कवर कांहीं घालावें लागत नाहीं. दोन्हीकडे पोर्ट चाललें आणि विंडोज ७ मध्येंच अडलें, तर दोष ड्रायव्हरचा. दोन्हीकडे मेलेलें आढळलें, तर मात्र हार्डवेअरकडे वळावें : पुढचीं पोर्टें बंद असून मागचीं चालत असल्यास पेटीच्या आंतील तार सुटली आहे काय तें बघावें, आणि पोर्टांतील पट्ट्या वांकल्या आहेत कीं धूळ सांचली आहे हेंही तपासावें. सेटअपचा संदेश मात्र प्रमाण मानूं नये. सीडी किंवा डीव्हीडीचा ड्रायव्हर नाहीं, असें तो पुष्कळदा सांगतो. वास्तविक त्याला स्वतःचा पेन ड्राइव्हच दिसत नसतो.

उपायांत एक पेंच आहे. ड्रायव्हर घालावयाचा तर कीबोर्ड हवा, आणि कीबोर्ड चालावयाचा तर ड्रायव्हर हवा. तो सोडविण्याचे मार्ग दोन. बोर्डावर जुन्या धर्तीचें वाटोळें पीएस-टू पोर्ट असेल, तर तसा कीबोर्ड जोडून डीव्हीडीवरून काम उरकावें. नसेल, तर दुसऱ्या चालू संगणकावर डिझम या साधनानें पेन ड्राइव्हवरील फायलींतच ड्रायव्हर मिसळावा. तो बूट आणि इन्स्टॉल अशा दोन्ही प्रतिमांत मिसळावा लागतो. पहिलींतच मिसळला, तर सेटअप सुरळीत होतो. पण यंत्र पुन्हां सुरू झालें कीं कीबोर्ड पूर्ववत् मुका.

आतां काळ पुढें गेला आहे. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजीं थांबली. म्हणून ती प्रणाली इंटरनेटशीं जोडूं नये. जुना प्रोग्रॅम हवाच असेल, तर नव्या प्रणालीच्या पोटांत आभासी यंत्र उभारून त्यांत तो चालवावा, हें अधिक सुरक्षित. आणि कोणताही प्रयोग करण्यापूर्वीं जुन्या डिस्कची नक्कल काढून ठेवावी. बोर्ड पुन्हां विकत मिळतो. वीस वर्षांचे हिशेब मिळत नाहींत.

वकिलांच्या घरीं तरी हें निराळें सांगावयास नको. साक्षी तपासल्यावांचून शिक्षा देऊं नये, हा न्याय यंत्रालाही लागू आहे. पोर्ट बोलत नाहीं, एवढ्यावरून तें अपराधी ठरत नाहीं.